चिंतेच्या आजारात नर्सिंगसोबत रंग, माती, कागद: कोल्हापुरात आणखी कुणी करतंय का?

वॉर्डातली_सिस्टर

मानसोपचार विभागात नर्स आहे. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. आमच्याकडे चिंतेचे पेशंट बहुतेक ओपीडीतूनच जातात. भरती होतात ते झोप पार उडालेले, खाणं तुटलेलं, नाहीतर सोबत नैराश्य किंवा दारू असलेले. अशा पेशंटसाठी दुपारी औषधांचा राउंड झाला की आम्ही टेबल मांडतो. कागद, तेलखडू, पेन्सिली, कधी शाडू. डॉक्टरांना विचारून, त्यांच्या उपचारांना धरून. गोळी आणि समुपदेशन बंद करून नव्हे, हे आधीच सांगते, कारण व्हॉट्सअॅपवर ‘मंडल रंगवा, टेन्शन पळवा’ छाप मजकूर बघून नातेवाईक गोळ्या बंद करून मोकळे होतात.

पहिली गोष्ट वेळेची. पॅनिकचा झटका चालू असताना कुणाच्या हातात खडू देऊ नये. श्वास जोरजोरात चाललाय, बोटांना मुंग्या आल्यात, ‘सिस्टर, मी मरतोय’ म्हणतोय, तेव्हा रंग कुठला निवडू हा प्रश्नसुद्धा त्याला जड होतो. तेव्हा जवळ थांबायचं, गर्दी कमी करायची, छोटी छोटी वाक्यं बोलायची, श्वास सावकाश सोडायला लावायचा, नाडी-बीपी बघायचं. नर्सिंगमध्ये हिल्डेगार्ड पेपलाऊ यांनी चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्यात: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. सगळ्या नर्सिंग कॉलेजांत पाठ करून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. माझ्या मते कागद पुढे करायची जागा मध्यम पायरीवर आहे. माणूस अस्वस्थ आहे, पण ऐकतोय, हात चालतोय.

दुसरी गोष्ट, कोरा कागद. चिंतेच्या माणसाला कोरा पांढरा कागद म्हणजे आणखी एक परीक्षा. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य ठरलेलं. म्हणून आम्ही कागदावर जेवणाची स्टीलची वाटी पालथी ठेवतो आणि पेशंटलाच तिच्याभोवती पेन्सिल फिरवायला लावतो. गोल तयार. आता आत भरायचं, बाहेर जायचं नाही. बऱ्याच जणांचा खांदा तिथंच जरा खाली येतो. जलरंग सुरुवातीला देत नाही. ते पसरतात, हाताबाहेर जातात, आणि ज्याला सगळं हाताबाहेर चाललंय असंच वाटतंय त्याला ते नको होतं. पेन्सिल, तेलखडू आधी. जलरंग मागाहून, पेशंटनं स्वतः मागितले तर.

तिसरी गोष्ट वॉर्डाची. शार्पनर टेबलावर ठेवत नाही. त्याचा स्क्रू नखानं निघतो आणि आत पातं असतं. पेन्सिली आधीच टोकदार करून, मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. कर्कटक, कटर, काचेची बाटली, टर्पेंटाइन यातलं काही नाही. कात्री लागणार असेल तर कागद आधीच कापून आणायचा.

आणि चौथी, ज्यावरनं आमच्या स्टाफमध्येच वाद होतो. चित्राचा अर्थ लावायचा नाही. काळा रंग म्हणजे निराशा, मोठं झाड म्हणजे अहंकार, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असलं काही नाही. एका पेशंटचा सगळा कागद जांभळा बघून आमच्यातली एकजण काळजीत पडली होती. नंतर पेटी उघडून बघितली तर बाकीचे खडू संपून बोटभर उरलेले, जांभळा तेवढा अख्खा.

तर विचारायचं हे की, जिल्ह्यात आणखी कुठं नर्सिंग स्टाफ असं काही करतोय का? नोंदी कशा ठेवता? डॉक्टर मनावर घेतात का?

रंकाळ्याचा_वारा

नाद खुळा. म्हणजे आता गोळ्याऐवजी खडूची पेटी लिहून देणार म्हणा की. जेवणाआधी पिवळा, जेवणानंतर निळा.

वॉर्डातली_सिस्टर

भावा, ‘ऐवजी’ हा शब्द तुझा. वर परत वाच.

सांगलीकर_मानसतज्ज्ञ

सिस्टर, चांगलं लिहिलंय. तरी थोडं पाणी ओततो, राग मानू नका.

पुरावा किती आहे ते बघू. २००५ मध्ये करी आणि कॅसर यांनी कॉलेजच्या ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. आधी मुद्दाम चिंता वाढवली, मग कुणाला मंडल म्हणजे गोलातली नक्षी रंगवायला दिलं, कुणाला चौकड्यांची नक्षी, कुणाला कोरा कागद. मंडल आणि चौकडीवाल्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. तुमच्या वाटीच्या गोलाशी हे जुळतं. पण लक्षात घ्या, ती निरोगी मुलं होती, पेशंट नव्हते. २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज असं काहीही करायला दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली आलं. चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्यानं फारसा फरक पडला नाही. इथंही लोक निरोगी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. माणूस ४५ मिनिटं एका जागी शांत बसला तरी कॉर्टिसॉल थोडं उतरू शकतं.

प्रौढांमधल्या चिंतेवर आर्ट थेरपीचे नीट तुलनात्मक अभ्यास २०१८ च्या एका आढाव्यात शोधले, तर फक्त तीन सापडले. त्यांचा दर्जाही बेताचाच. तेव्हा ‘सिद्ध झालंय’ असं कुणी म्हणू नये. उपचार म्हणून पुढे आजही सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) आणि एसएसआरआय गटातली (चिंता-नैराश्यावरची) औषधं आहेत.

माझी खरी भीती वेगळी आहे. चिंतेचा आजार टाळाटाळीवर पोसला जातो. बसमध्ये भीती वाटते म्हणून बस टाळली की त्या क्षणी बरं वाटतं आणि भीती आणखी घट्ट होते. उद्या पेशंट छाती धडधडली की रंगाची वही काढून बसला आणि ‘वही नसेल तर मी बाहेर पडत नाही’ म्हणाला, तर आपण त्याला नवी कुबडी दिली. सीबीटी करणाऱ्यांना हे रोज दिसतं. कुणी पाण्याची बाटली सोडत नाही, कुणी खिशातली गोळी.

वॉर्डातली_सिस्टर

सर, राग कसला. तीन अभ्यासांचं मला माहीत होतं, आमच्या डॉक्टरांनी तेच तोंडावर फेकलं होतं. माझं म्हणणं एवढंच की नर्स आठ तास वॉर्डात असते, आणि त्या आठ तासांत पेशंटशी बोलायला काहीतरी निमित्त लागतं. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘आज कसं वाटतंय’ विचारलं की ‘बरं आहे’ येतं. शेजारी बसून दोघंही खाली कागदाकडे बघत असलो की दहा मिनिटांनी तो आपणहून म्हणतो, ‘सिस्टर, मला खरं तर रात्रीच जास्त होतं.’ हे डॉक्टरांना राउंडला सांगितलं की औषधाची वेळ बदलते. आजार चित्रानं बरा होतो असं मी म्हणतच नाही.

कुबडीचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून वही घरी न्यायला देत नाही, निदान सुरुवातीला तरी.

घाबरतो_पण_जातो

हा धागा बघून पहिल्यांदाच लिहितोय. मला पॅनिक डिसऑर्डर. ईसीजी, इको, थायरॉइड सगळं झालं, सगळं नॉर्मल. दोनदा रात्री कॅज्युअल्टीत गेलो, दोन्ही वेळा ‘गॅस असेल’ म्हणून परत पाठवलं. मग कुणीतरी मानसोपचाराचं नाव काढलं.

माझी अडचण गर्दी. मंगळवार पेठेत राहतो आणि महाद्वार रोडला जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. दुकानाचा माल तिथनंच आणायचा, म्हणजे टाळून चालत नव्हतं, भाऊ जायचा आणि टोमणे मारायचा. समुपदेशनाला जायचो तिथल्या सिस्टरनी एकदा मोठा कागद दिला आणि म्हणाल्या, घरापासनं दुकानापर्यंतचा रस्ता काढा. मी म्हटलं, मला चित्रकला येत नाही. त्या म्हणाल्या, चित्र नको, रिक्षावाल्याला सांगताय तसं काढा.

काढला. मिरजकर तिकटी, मग बिनखांबी गणेश मंदिर, तिथनं महाद्वार रोड, अंबाबाईच्या देवळाचा महाद्वार, पुढं पापाची तिकटी. मग म्हणाल्या, छातीत कुठं सुरू होतं तिथं रंग लावा, जेवढं जास्त तेवढा गडद. मला वाटायचं सगळा रस्ताच लाल होणार. तसं झालं नाही. मिरजकर तिकटीपर्यंत काहीच नाही. बिनखांबीपाशी फिकट. गडद लाल फक्त देवळाच्या समोरचा तुकडा, जिथं दोन्ही बाजूंनी माणसं येतात आणि मागं फिरायला जागा नसते. पापाची तिकटी परत फिकट.

तो तुकडा कागदावर माझ्या अंगठ्याएवढा होता. वर्षभर अख्खा गाव सोडला होता त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी. पुढचं काम समुपदेशनाच्या मॅडमनी त्याच कागदावर केलं: आधी बिनखांबीपर्यंत जाऊन थांबायचं, धडधड उतरेपर्यंत तिथंच, पळून यायचं नाही. मग पुढं. गोळी सोबत चालूच आहे. आता जातो. दसऱ्याच्या दिवसांत अजून नाही जात, तो विषय सोडा.

सांगलीकर_मानसतज्ज्ञ

हे उत्तम आहे, आणि ही टाळाटाळीच्या बरोबर उलटी दिशा आहे. सीबीटीमध्ये भीतीची उतरंड आम्ही शब्दांत लिहून घेतो, ० ते १०० आकडे लावून. ज्यांना आकडे जमत नाहीत त्यांना नकाशा जमेल. हे मी उचलतोय.

वॉर्डातली_सिस्टर

मीपण उचलतेय. दादा, लिहिल्याबद्दल आभार. कुठल्या सिस्टर ते सांगू नका, पण त्यांना हा धागा दाखवा. आणि दसऱ्याचं म्हणाल तर त्या गर्दीत मीपण जात नाही.

कलाशिक्षक_राजारामपुरी

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. सिस्टर, तुमचं काम मोलाचं आहे पण एक खटकलं. ‘चित्राचा अर्थ लावायचा नाही’ हे ठीक, पण चित्राकडे चित्र म्हणून तरी बघता की नाही? कुणी सुंदर रेष काढली तर म्हणायचं की नाही? कोल्हापूरला कलापूर म्हणतात. आबालाल रहिमान यांनी इथला रंकाळा, कोटितीर्थ रंगवला. इथल्या माणसाच्या हातात कला आहेच. वाटीचा गोल रंगवायला देणं मला बालवाडीचं वाटतं. प्रौढ माणसाला निसर्गचित्र शिकवा, रेखाटन शिकवा, त्याला आत्मविश्वास येईल. शाहू स्मारक भवनात प्रदर्शन लावू, मी पुढाकार घेतो.

आणि हेही सांगतो की ही कल्पना आजारी चित्रकाराच्याच डोक्यातली. अॅड्रियन हिल नावाचा इंग्रज चित्रकार टीबीनं सॅनेटोरियममध्ये पडून होता. तिथं चित्रं काढून त्याला स्वतःला बरं वाटलं, मग इतर रुग्णांनाही त्यानं शिकवलं. ‘आर्ट थेरपी’ हे नाव १९४२ मध्ये त्यानंच दिलं. मिरजेजवळ वानलेसवाडीला आपल्याकडंही टीबीचं सॅनेटोरियम होतं. तिथं कुणी असं केलं असतं तर आज आपण पुढे असतो.

वॉर्डातली_सिस्टर

सर, नमस्कार. शिकवण्याला माझा विरोध नाही, पण ती जागा आमचा वॉर्ड नव्हे. शिकवणं आलं की बरोबर-चूक आलं. चिंतेचा माणूस आधीच चोवीस तास स्वतःला मार्क देत असतो. ‘वा, छान’ म्हटलं तरी पुढच्या वेळी त्याला छानच काढावं लागतं. एक मुलगी तर आधीच्या चित्राची तारीफ झाली म्हणून दुसऱ्या दिवशी टेबलाकडे फिरकलीच नाही. आम्ही एवढंच म्हणतो, ‘इथं दाब देऊन काढलंय, तिथं हलकं.’ दिसतं ते सांगायचं. सुंदर की नाही ते ठरवायचं नाही. बरे होऊन गेल्यावर कुणाला शिकायचं असेल तर तुमच्याकडे पाठवेन, मनापासून.

प्रदर्शनाचं मात्र नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय राहणं हा पेशंटचा हक्क केलाय, आणि त्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कागदाच्या कोपऱ्यात नाव असतं, गल्ली ओळखू येते, आणि पेठेत कोण कुणाला ओळखत नाही? स्टाफनं व्हॉट्सअॅप स्टेटसला चित्रं टाकायची नाहीत हाही आमच्याकडे नियम आहे.

आणि मी स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवत नाही. ते वेगळं शिक्षण आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातल्या यादीत आर्ट आणि डान्स थेरपीवाल्यांना स्थान दिलंय. दोन दिवसांची कार्यशाळा करून थेरपिस्टची पाटी लावणारे बघितले की डोकं फिरतं. नर्स करते ते नर्सिंगच, फक्त हातात खडू घेऊन.

नर्सिंग_विद्यार्थिनी

सिस्टर, आमचं मानसोपचाराचं पोस्टिंग चालू आहे. केस स्टडीला चिंतेचा पेशंट घेतलाय. चित्र काढून घेतलं तर नोंदीत काय लिहू? आमच्या मॅडम म्हणतात, ‘पेशंट एन्जॉइड द अॅक्टिव्हिटी’ लिही.

वॉर्डातली_सिस्टर

बाळा, ते वाक्य लिहू नकोस, त्यातनं कुणालाच काही कळत नाही. आधी आणि नंतर नाडी, श्वास. आधी आणि नंतर पेशंटनं स्वतः दिलेला आकडा, ० म्हणजे शांत, १० म्हणजे सहन होत नाही. किती वेळ बसला, मध्ये उठला का. पेशंटचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात. हात थरथरला तर तेही लिही, कारण ते औषधानं असू शकतं, चिंतेनं असू शकतं किंवा दारू सुटल्यानं असू शकतं, आणि तिन्हींवर उपाय वेगळे. नमुना देते:

‘दु. ३.१०. नाडी १०४, श्वास २२, चिंता ८/१०. तेलखडू, आखलेला गोल. २५ मिनिटे बसला, एकदा उठून दारापर्यंत जाऊन आला. उजव्या हाताला बारीक थरथर. म्हणाला, “हात कामात असला की विचार मागं पडतात, पण संपत नाहीत.” दु. ३.४०. नाडी ८८, श्वास १८, चिंता ५/१०. थरथर डॉक्टरांना कळवली.’

हे वाचून डॉक्टर थांबतात. शिवाय आठवड्याला जीएडी-७ ही चिंता मोजायची प्रश्नावली भरून घे. सात प्रश्न, एकूण २१ गुण, १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी हवी. रोजच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस, दुपारचं जेवण चांगलं झालं तरी ते उतरतात. आणि एसएसआरआय नुकतंच सुरू झालं असेल तर पहिले काही दिवस अस्वस्थता उलट वाढू शकते, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. हे पेशंटला कुणी सांगितलेलं नसतं. खडू हातात असताना सांगितलं की त्याच्या डोक्यात राहतं.

कुंभारगल्लीची_लेक

थोडं वेगळं विचारते. माझं माहेर शाहूपुरी कुंभार गल्ली. २०१९ ला पाणी घरात आलं, मूर्ती भिजल्या, २०२१ ला परत तेच. तेव्हापासनं आईचं बिनसलंय. पाऊस लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसते. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे नातवंडांनापण पाठ झालंय. आता तर मार्चमध्येसुद्धा रात्री उठून बघते. झोप नाही, पोटात गोळा, चिडचिड. मातीत हात घालते तेवढाच वेळ शांत असते. घरातले म्हणतात, मूर्तीच करते की दिवसभर, हीच थेरपी, डॉक्टर कशाला. बरोबर आहे का?

सांगलीकर_मानसतज्ज्ञ

ताई, जुलैमध्ये पातळी बघणं हा शहाणपणा आहे, त्याला आजार म्हणणार नाही. मार्चमध्ये रात्री उठून बघणं वेगळं. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी, सोबत झोप आणि चिडचिड, एवढं असेल तर तपासून घ्यायलाच हवं. पुराच्या आठवणी अंगावर येतात का, स्वप्नं पडतात का, हेही तिथं सांगा. थायरॉइडसुद्धा बघतील. माती चालू राहू दे. पण मूर्तिकाम हा त्यांचा धंदा आहे, त्यात ऑर्डर आहे, तारीख आहे, उधारी आहे. सगळं शांतवणारंच असेल असं नाही.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, सरांचं ऐका. माझ्याकडून एकच: ‘बघू नको’ म्हणू नका, ते जमत नाही. पातळी बघायच्या दोन वेळा ठरवा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि आकडा कागदावर त्यांनाच लिहू दे. मधल्या वेळी उठल्या तर तो कागद दाखवायचा. आणि विक्रीला नसलेलं काहीतरी छोटं त्यांना मातीचं करू दे, मोडलं तरी चालेल असं. सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार ओपीडी आहे. जायला तयारच नसतील तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. आधी तुम्हीच लावा आणि आईचं कसं सांगायचं ते विचारा.

कुंभारगल्लीची_लेक

दोन वेळांचं आजपासनं करते. सीपीआरला भावाला सोबत घेऊन जाईन, त्याचं ऐकते ती.

रंकाळ्याचा_वारा

सिस्टर, वर चेष्टा केली ती केली. आमच्या प्रेसमध्ये छपाईतनं उरलेला कागद पडून असतो, चांगला जाड, एका बाजूनं कोरा. वॉर्डाला चालेल का? गठ्ठे बांधून आणून देतो.

वॉर्डातली_सिस्टर

चालेल की, पळेल. फक्त सुतळीनं बांध, स्टेपलर मारू नकोस. गेल्या वेळी एकानं दिलेल्या वह्यांच्या पिना काढण्यात माझी अख्खी नाइट ड्युटी गेली.